चेंडू चालतो, कप्तानी चालत नाही

‘खेळाला जात नसते’ हे वाक्य मी सर्जापूर रोडवर मराठीत ऐकले आहे, कन्नडमध्ये, हिंदीत, तमिळमध्ये ऐकले आहे, आणि सर्वांत जास्त वेळा इंग्रजीत. बोलणारा बहुधा नुकताच खेळून आलेला असतो, घामाघूम असतो आणि अगदी मनापासून बोलत असतो. म्हणूनच या वाक्याशी भांडणे अवघड जाते. खोटे बोलणाऱ्याला पकडता येते. मनापासून चुकीचे बोलणाऱ्याला आधी बसवून हिशोब दाखवावा लागतो. हा लेख म्हणजे तो हिशोब. त्यासाठी मी एकाच माणसाचे आयुष्य घेतो आहे: धारवाडला जन्मलेले, पुण्यात घडलेले, मुंबईत वारलेले बाळू बाबाजी पालवणकर, भारतातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पालवणकरांची गोष्ट आपण ‘क्रिकेटने जात मोडली’ याचा पुरावा म्हणून सांगतो. तीच गोष्ट सालवार वाचली तर निराळे दिसते. एकेक दार उघडत गेले हे खरे. पण दर वेळी कुलूप काढून ते पुढच्या दाराला लावले गेले. आधी मैदानाला होते, मग चहाच्या कपाला, मग कप्तानीला. आणि आज आपण उघडलेली दारे मोजतो, कुलूप कुठे गेले ते विचारत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात बसला तो एका फुटबॉलपटूमुळे. आमच्या रस्त्यावर शनिवारी रात्री युरोपातल्या फुटबॉलचे सामने मोठ्या पडद्यावर चालतात, आणि रविवारी सकाळी त्याच क्लबांच्या जर्सी घालून लोक टर्फवर क्रिकेट खेळतात. अशाच एका रविवारी वाद रंगला असताना एका मित्राने मला अँड्र्यू वॉटसन यांचे उदाहरण दिले. वॉटसन यांचा जन्म १८५६चा, ब्रिटिश गयानातला. वडील स्कॉटिश, ऊसमळ्यांच्या व्यवहारातून श्रीमंत झालेल्या घराण्यातले. आई तिथलीच, कृष्णवर्णीय. १२ मार्च १८८१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर वॉटसन स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळले, आणि पहिल्याच सामन्यात संघाचे कप्तान होते. स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असे हरवले. ते स्कॉटलंडकडून एकूण तीन सामने खेळले, तिन्ही जिंकले. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य क्लबाचे ते सचिवही होते. ‘बघ,’ मित्र म्हणाला, ‘१८८१ साली, साम्राज्य ऐन भरात असताना, काळा माणूस गोऱ्यांच्या संघाचा कप्तान. खेळाला रंग नसतो, तशी जातही नसते.’

उदाहरण खरे आहे. निष्कर्ष खरा नाही. वॉटसन उत्तम बचावपटू होते यात शंका नाही, पण ते त्या मैदानावर पोहोचले ते वडिलांकडून आलेला पैसा आणि इंग्लंडमधल्या चांगल्या शाळांतले शिक्षण घेऊन. तेव्हाचा फुटबॉल हौशी होता. खेळण्याचे पैसे मिळत नसत, त्यामुळे ज्याला पोटाची चिंता नाही तोच निवांत खेळू शके. वॉटसन यांना ती चिंता नव्हती. त्यांचा रंग क्लबाने चालवून घेतला, कारण बाकी सगळे त्या वर्गाला ओळखीचे होते. आणि पुढे काय झाले? १९२१ साली ते लंडनमध्ये वारले, आणि मग विस्मरणात गेले. अनेक दशके ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू म्हणून आर्थर व्हॉर्टन यांचे नाव घेतले जाई, जे वॉटसन यांच्यानंतरचे. कप्तानी मिळालेला माणूससुद्धा आठवणीतून असा गळू शकतो.

म्हणून खेळ दार उघडतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी उघडतो, किती उघडतो आणि कशाच्या बदल्यात, हे विचारले पाहिजे. वॉटसन यांच्याकडे पैसा होता, जात नावाची गोष्ट त्यांच्या देशात नव्हती. पालवणकरांकडे पैसा नव्हता आणि जात होती. फक्त हात होता. नुसत्या हाताला खेळ काय देतो, ते आता पाहू.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे मुलाचा जन्म धारवाडला, १८७५-७६च्या सुमारास, आणि वाढ पुण्यात. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. आज ते कर्नाटकात आहे. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला म्हणून हा माणूस दोन्ही बाजूंनी आपला वाटायला हरकत नसावी. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे ४ रुपये. कामे तीच, वर खेळपट्टी आखणे, जाळी उभी करणे, टेनिस कोर्टाची निगा राखणे. त्यातच आणखी एक काम वाढले, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करण्याचे. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे हिंदुस्थानातले नामांकित इंग्रज फलंदाज. ते इतरांच्या आधी तासभर येऊन या मुलाकडून चेंडू टाकून घेत. बाद केले की आठ आणे देत, अशी गोष्ट सांगतात. डाव्या हाताची संथ फिरकी, टप्पा, उंची, वेगातला फरक, हे सगळे त्या तासांत घडले. बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची, गोलंदाजी चाकराची, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पालवणकरांच्या कौशल्याविषयी दोन खोट्या कल्पना प्रचलित आहेत. एक, साहेबाने उदारपणे त्यांना घडवले. साहेबाला सराव हवा होता. त्याला स्वस्तात उत्तम गोलंदाज मिळाला. दुसरी, हे कौशल्य म्हणजे दैवी देणगी. ही दुसरी कल्पना सिनेमाने लोकप्रिय केली. आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ २००१ साली आला. त्यातल्या कचराचे मूळ बाळू पालवणकरांत असावे असे तेव्हापासून अनेकांनी म्हटले आहे. सिनेमातली गोष्ट घडते १८९३ साली, म्हणजे पालवणकर पुण्यात साहेबांना चेंडू टाकत होते नेमक्या त्याच काळात. पण कचराची फिरकी येते ती त्याच्या अधू हातातून. तो काही शिकलेला नाही, त्याने काही कमावलेले नाही. व्यंगच त्याचे कौशल्य. त्याला संघात घ्यावे म्हणून नायक भाषण करतो, गाव विरघळते, आणि श्रेय नायकाला मिळते. मला तो सिनेमा आवडतो, आणि म्हणूनच ही तक्रार आहे. एका मराठी दिग्दर्शकाच्या हाताशी खरा माणूस होता, ज्याने रोज पहाटे रोलर फिरवून, मग त्याच खेळपट्टीवर चेंडू टाकून टाकून आपली कला मिळवली. पडद्यावर आला तो मात्र दया वाटावी असा, ज्याचे नावच कचरा. श्रमाचे श्रेय काढून घेतले की माणसाला नुसते सामावून घ्यायचे उरते. श्रम मान्य केले तर त्याचे देणे द्यावे लागते.

आता दारे आणि कुलपे पाहू. पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना गोऱ्या क्लबाला हरवायचे होते, आणि त्यांना हरवू शकेल असा गोलंदाज गोऱ्यांच्याच जाळीत चाकरी करत होता. घ्यावे की नाही यावरून संघात वाद झाला. तेलुगू सभासद घेण्याच्या बाजूने होते, मराठी ब्राह्मण सभासद विरोधात. हे आपण मराठी वाचकांनी जरा सावकाश वाचावे. ग्रेग यांनी उघडपणे सांगितले की अशा गोलंदाजाला नाकारणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतले. मैदानाचे दार उघडले. पण चहाच्या वेळी बाकीचे तंबूत चिनीमातीच्या कपांतून चहा पीत, आणि पालवणकरांना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, अस्पृश्य नोकराने आणलेल्या पाण्याने. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, क्षेत्ररक्षक अडवत होते, तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. चेंडू जिंकून देत होता, कप काही जिंकून देत नव्हता. विटाळाचा नियम इतका व्यवहारी असू शकतो.

मग साताऱ्याचा सामना. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने पालवणकरांची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर मेहनत घेतली होती, तरी त्यांनी सात बळी घेतले आणि हिंदू जिंकले. मिरवणूक निघाली. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सत्कार केला. बाळूबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर खाल्ले-प्यायलेही पाहिजे, असे रानडे संघाला म्हणाल्याचे सांगतात. पुढे टिळकांनीही जाहीर सभेत गौरव केला. हे प्रसंग लहान नव्हेत, आणि त्यांची किंमत मी कमी करत नाही. पण क्रम पाहा: आधी सात बळी, मग हार, मग ताट. ज्या सवर्ण खेळाडूने सामन्यात शून्य धावा केल्या, त्याला कपासाठी आधी बळी घ्यावे लागले नाहीत.

त्यानंतर मुंबई. पुण्यात प्लेगचे दिवस आले, पालवणकर मुंबईला गेले. आधी लष्करात, मग बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी, आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. तिथेही काही सभासदांचा विरोध झाला, तो कप्तान कीर्तिकरांनी मोडून काढला. मुंबईत मात्र सहभोजनही झाले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. पालवणकरांनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम त्याच संघात होते. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद सगळ्या शहराला झाला. कपाचे कुलूप निघाले.

१९११ साली सगळ्या हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंह, वय १९. ते मोजकेच सामने खेळले. पालवणकर तेव्हा पस्तिशीला आलेले. संघ २३ सामन्यांपैकी ६ जिंकला, १५ हरला. त्या पडत्या दौऱ्यात पालवणकरांनी एकट्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. आधी दुसऱ्याच्या नेटमध्ये, मग दुसऱ्याच्या कप्तानीखाली, हा माणूस चेंडू टाकतच राहिला. प्रथम दर्जाच्या सगळ्या कारकिर्दीत ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आज क्रिकेटच्या आकड्यांवर जगणाऱ्या आपल्या देशात हे आकडे किती जणांना पाठ आहेत?

एक बारीकसे, पण मला खुपणारे. धावफलकांवर त्यांचे नाव ‘पी. बाळू’ असे येई. गाव आद्याक्षरात, आणि लाडाचे नाव आडनावाच्या जागी. त्या काळची ती रीत असेल, आणि भावंडांनीही ती स्वीकारली होती. पण परिणाम असा की आजही आपण देवधरांना प्रोफेसर म्हणतो, पैंना पै म्हणतो, आणि या चाळिशी ओलांडून खेळलेल्या गृहस्थाला सर्रास अरेतुरे करतो. बाळू आला, बाळूने बळी घेतले. या लेखात ते पालवणकर आहेत.

आता ते शेवटचे कुलूप. १९१०नंतरच्या दशकात हिंदू संघात त्यांच्याइतका ज्येष्ठ, त्यांच्याइतका कामाचा खेळाडू नव्हता. त्यांना कप्तान करा ही मागणी पुन्हा पुन्हा झाली आणि पुन्हा पुन्हा टळली. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात बोलून दाखवले की हा मान ज्येष्ठ म्हणून पालवणकरांना मिळायला हवा होता. पै स्वतः ब्राह्मण होते. त्यांना जे दिसत होते ते निवड समितीला दिसत नव्हते असे मानायला मी तयार नाही. १९२० साली पै आजारी पडले तेव्हा कप्तानी गेली दि. ब. देवधर यांच्याकडे, आणि पालवणकरांना संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे बंधू तेव्हा संघाचे आधार होते. त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वर्तमानपत्रातून मांडली, जातीचा उल्लेख न टाळता. गदारोळ झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, पालवणकर उपकप्तान झाले, दोघे भाऊ परत आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढ्यापुरती संघाची सूत्रे पालवणकरांच्या हाती आली. त्यांच्या वाट्याला आलेली कप्तानी एवढीच, पै परत मैदानात येईपर्यंतची.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी प्रामाणिकपणे मांडतो. देवधर मोठे फलंदाज होते; १९२६ साली त्यांनी एमसीसीविरुद्ध मुंबईत काढलेल्या १४८ धावा इतिहासाचा भाग आहेत, महाराष्ट्राला त्यांनी लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला. १९२० साली पालवणकर चव्वेचाळिशीचे होते. मग गुणवत्तेनेच निवड झाली असे का म्हणू नये? म्हणू नये, कारण गुणवत्तेचा निकष १९२० सालीच आठवला. आधीची दहा वर्षे, जेव्हा गुणवत्ता आणि ज्येष्ठता दोन्ही एकाच माणसाकडे होती, तेव्हा तो निकष झोपला होता. जो निकष एकाच बाजूने जागा होतो, त्याला निकष म्हणत नाहीत.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. धाकट्या भावाच्या रूपाने दार उघडले. हे श्रेय क्रिकेटला द्यायचे की १९२०मध्ये सामना सोडून बाहेर पडलेल्या दोन भावांना? माझे मत स्पष्ट आहे. खेळाने दार उघडले नाही. खेळायला नकार दिल्यावर ते उघडले.

‘खेळाला जात नसते’ म्हणणारे गोष्ट इथे संपवतात. काही जण ती एका दुसऱ्याच कामासाठी पुढे नेतात. १९३२च्या पुणे करारावर पालवणकरांची सही आहे. १९३५ साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, ती पालवणकरांना पटली नाही. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, पालवणकरांना ११,२२५. एवढ्यावरून एक गट त्यांना ‘समंजस दलित’ म्हणून आंबेडकरांविरुद्ध वापरतो, आणि दुसरा गट त्यांना काँग्रेसचे प्यादे म्हणून मोडीत काढतो. दोन्ही गट एकच चूक करतात: या माणसाला स्वतःचे मत असू शकते हे त्यांना मान्य नाही. ज्याने सवर्णांचे हात आधी मागे जाताना आणि मग पुढे येताना पाहिले, त्याला ते आणखी पुढे येतील असे वाटले असेल तर तो त्याचा अनुभव होता. मला आंबेडकरांचे निदान बरोबर वाटते. पण प्रश्न पालवणकरांना विचारण्याआधी त्यांना उभे करणाऱ्यांना विचारावा. हिंदू जिमखान्याला गोऱ्यांविरुद्ध त्यांचा हात हवा होता, काँग्रेसला आंबेडकरांविरुद्ध. दोन्ही वेळा चेंडू त्यांच्या हातात दिला गेला. क्षेत्ररक्षण लावले दुसऱ्यांनीच. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते वारले.

हे सगळे जुने आहे असे कोणी म्हणेल. म्हणून आता सर्जापूर रोडवर येतो. कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यापासून कार्मेलारमकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला हिरव्या जाळ्यांत बंद केलेली टर्फ लागतात. रात्री त्यांच्या दिव्यांवरून रस्ता ओळखावा. आमच्या गृहसंकुलाचीही दरवर्षी क्रिकेट लीग होते. संघमालक असतात, लिलाव होतो, जर्सीच्या पाठीवर नावे येतात. आमचे टर्फ सांभाळतो एक बाविशीचा मुलगा, रायचूरकडचा. पहाटे तो गवत झाडतो, यष्ट्या लावतो, जाळीची भोके शिवतो. मग लीगच्या आधीचा महिनाभर आम्हा सभासदांना सरावासाठी चेंडू टाकतो, त्याचे वेगळे पैसे मिळतात. त्याचा चेंडू टप्प्यावरून आत येतो, आणि गेल्या हंगामातल्या आमच्या कोणत्याही संघाला तो चालला असता. लीगमध्ये त्याला जागा नाही. नियम साधा आहे: खेळाडू घरमालक हवा, नाहीतर भाडेकरू. मी बैठकीत विचारले. उत्तरे सभ्य होती. विम्याचा प्रश्न येईल. आज एक, उद्या सगळेच मागतील. त्यालाच अवघडल्यासारखे होईल. कोणीही त्याची जात विचारली नाही, मलाही ती ठाऊक नाही. ‘स्टाफ’ या एका शब्दात सगळे भागते. कामवाल्या मावशींची लिफ्ट वेगळी, सुरक्षारक्षकांचा चहा फाटकापाशी, आणि गोलंदाजाचा हात तेवढा आत.

माझा रोख तिथल्या माणसांवर नाही. त्यातले बहुतेक माझे मित्र आहेत आणि ‘खेळाला जात नसते’ असे मनापासून म्हणणारेही तेच आहेत. पण १८९०च्या दशकातल्या पूना जिमखान्याच्या सभासदालाही आपण वाईट वागतो आहोत असे वाटत नसणार. त्याच्याही दृष्टीने तो एका गरीब मुलाला काम देत होता, वर आठ आणे देत होता. व्यवस्था चालते ती दुष्ट माणसांमुळे क्वचितच. भले लोक नियमाकडे बोट दाखवतात तेव्हा ती सर्वांत छान चालते.

मग काय करावे? पहिली गोष्ट वाचकांसाठी, आणि हे मासिक अनेक भाषांत वाचले जाते म्हणून ती इथे मुद्दाम मांडतो. पालवणकरांची गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः याच शहरात राहणाऱ्या रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या २००२च्या इंग्रजी पुस्तकामुळे. ते ऋण मोठे आहे. पण विठ्ठल पालवणकरांचे आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ मराठीत आहे, १९४८ सालचे. चार भावांपैकी एकाने स्वतःच्या भाषेत लिहून ठेवलेली साक्ष आपल्या भाषेत असताना आपण ती इंग्रजीतून उसनी घेतो. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत गुहांचे पुस्तक दिसते, विठ्ठलरावांचे दिसत नाही. दलित आत्मकथनांच्या आपल्या चर्चेत क्रिकेटच्या कप्तानाचे हे पुस्तक का येत नाही? आणि कन्नड, तमिळ, बंगाली वाचकांपर्यंत ते मराठीतून का जाऊ नये?

दुसरी गोष्ट क्रिकेट मंडळासाठी. रणजी, दुलीप, इराणी, विजय हजारे, विनू मांकड, सी. के. नायडू यांच्या नावाने देशात स्पर्धा आहेत. १९७३मध्ये देवधर करंडक सुरू झाला आणि देवधरांची ती योग्यता होती. ज्यांना डावलून १९२०ची कप्तानी दिली गेली, त्यांच्या नावाचा राष्ट्रीय करंडक मात्र नाही. तो असावा, आणि त्यावर ‘पी. बाळू’ असे न कोरता पूर्ण नाव कोरावे.

तिसरी गोष्ट आमच्या रस्त्यासाठी, आणि ती सर्वांत सोपी आहे. लीगची नोंदणी दरवर्षी नव्याने होते. अर्जाच्या नमुन्यात पात्रतेची एक ओळ असते. तिथे ‘संकुलात राहणारे’ याच्या पुढे ‘किंवा काम करणारे’ हे तीन शब्द घालायचे आहेत. विम्याचा हप्ता किती वाढतो ते मी विचारून आलो आहे. एका संघाच्या जर्सींना लागतो त्यापेक्षा तो कमी आहे. पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा.